शंभर मोहिमांचा वैमानिक आणि अंधेरीचे घर

पुण्यातील विधी महाविद्यालयांत शिकलेल्या कित्येक पिढ्यांना चेशायर हे नाव ठाऊक आहे ते ‘चेशायर अँड फिफूट’ या करार कायद्यावरील जाडजूड पाठ्यपुस्तकामुळे. साळुंके विहार, कोंढवा परिसरात राहणाऱ्यांना तेच नाव परिचित आहे ते अपंगांसाठी चालविल्या जाणाऱ्या ‘चेशायर होम’मुळे. पुस्तक लिहिणारे चेशायर हे वडील आणि घराला ज्यांचे नाव आहे ते त्यांचे चिरंजीव, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते. हे चिरंजीव दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे सर्वाधिक गाजलेले बॉम्बफेकी वैमानिक होते. नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते ब्रिटनचे निरीक्षक म्हणून आकाशात होते. युद्धानंतर ब्रिटनबाहेरचे आपले पहिले घर त्यांनी उघडले ते मुंबईत, अंधेरीला. त्यांचा विवाहही मुंबईतच झाला.

लिओनार्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर शहरालगत झाला. बालपण ऑक्सफर्डजवळ गेले. वडील विद्यापीठात कायद्याचे नामवंत प्राध्यापक, तेव्हा मुलाने ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायद्याचाच अभ्यास करावा हे ओघानेच आले. १९३९ साली त्यांनी पदवी मिळविली, ती दुसऱ्या वर्गात. वेगवान मोटारी, पार्ट्या आणि उधारी यांतच त्यांचा बराचसा विद्यार्थिकाळ गेला. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते दाखल झाले त्यामागेही देशभक्तीपेक्षा हौसच अधिक होती. १९३६ साली काही काळ ते जर्मनीत पॉट्सडॅमला, अॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या घरी राहिले होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यात गेलेले जर्मन आरमार स्कापा फ्लो येथे स्वतःच बुडविण्याचा आदेश देणारे ते हेच अॅडमिरल. ज्या देशात पाहुणचार घेतला त्याच देशावर चारच वर्षांनी हा तरुण बॉम्ब टाकू लागला.

जून १९४० मध्ये चेशायर १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. या स्क्वाड्रनकडे ‘व्हिटली’ जातीची विमाने होती. दोन इंजिनांचे, पाच जणांचे, संथ आणि बोजड असे हे विमान होते. रात्रीच्या अंधारात उत्तर समुद्र ओलांडून जर्मनीत शिरायचे, ढगांतून लक्ष्य शोधायचे आणि पहाटे परत यायचे, असा त्याचा क्रम. तेव्हा रडारची साधने आजच्यासारखी नव्हती. नेव्हिगेटर नकाशा, घड्याळ आणि तारे यांच्या आधाराने मार्ग काढी. थंडीने हातपाय बधिर होत. लक्ष्यापासून कित्येक मैल दूर, मोकळ्या शेतात बॉम्ब पडणे ही त्या काळी नेहमीची गोष्ट होती.

१२ नोव्हेंबर १९४० च्या रात्री चेशायर यांचे व्हिटली कोलोनजवळच्या वेसेलिंग येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पावर निघाले. लक्ष्यावर ढग दाटले होते, म्हणून त्यांनी कोलोनच्या रेल्वे यार्डाकडे मोर्चा वळविला. तेथे विमानभेदी तोफांचे गोळे विमानाजवळच फुटले. त्यामुळे विमानात ठेवलेला प्रकाशगोळा आतच पेटला आणि त्याच्या स्फोटाने विमानाच्या धडाची एक बाजू उडून गेली. आत धूर आणि ज्वाळा, बाहेर तोफा, आणि मधल्या भागात माणूस सहज बाहेर पडेल एवढे भगदाड. वायरलेस ऑपरेटर डेव्हिडसन यांचा चेहरा भाजला होता. त्यांना दिसत नव्हते, तरीही ते आपल्या यंत्रापाशी बसून संदेश पाठविण्याचा प्रयत्न करीत राहिले. सहकाऱ्यांनी आग विझविली. चेशायर यांनी खाली कोसळणारे विमान सावरले, बॉम्ब टाकले आणि परतीचा मार्ग धरला. एकूण साडेआठ तासांच्या उड्डाणानंतर ते इंग्लंडमध्ये उतरले. २३ वर्षांच्या या अगदी कनिष्ठ अधिकाऱ्याला त्या रात्रीसाठी ‘डीएसओ’ हा सन्मान मिळाला. एवढ्या खालच्या हुद्द्यावर तो क्वचितच दिला जाई. डेव्हिडसन यांनाही पदक मिळाले. वर्तमानपत्रांनी मात्र प्रसिद्धी दिली ती वैमानिकालाच.

त्यानंतर ३५ व्या स्क्वाड्रनमध्ये त्यांनी चार इंजिनांचे ‘हॅलिफॅक्स’ विमान चालविले. १९४१ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेस गेले. तेथे मूकपटांच्या काळातील अभिनेत्री कॉन्स्टन्स बिनी यांच्याशी त्यांनी घाईने लग्न केले. ते टिकले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे धाकटे बंधू क्रिस्टोफर यांचे बॉम्बफेकी विमान जर्मनीवर पाडले गेले आणि उरलेले सारे युद्ध त्यांना कैदी छावणीत काढावे लागले.

ऑगस्ट १९४२ मध्ये ७६ व्या स्क्वाड्रनची सूत्रे चेशायर यांच्याकडे आली. आपल्याकडे त्यांच्याविषयी क्वचित काही लिहिले जाते तेव्हा हा भाग गाळला जातो. खरे तर माणूस कळतो तो येथेच. हॅलिफॅक्स विमाने तेव्हा मोठ्या संख्येने पडत होती. विमान जड, त्यामुळे पुरेशी उंची गाठता येत नसे. शिवाय एका विशिष्ट स्थितीत शेपटाकडचे सुकाणू अडकून बसे आणि विमान गरगरत खाली जाई. चेशायर यांनी नाकावरचा आणि पाठीवरचा असे मशिनगन बसविलेले दोन्ही फिरते घुमट काढून टाकले. इंजिनांच्या धुराड्यांवरील जड झाकणेही उतरविली. संरक्षणाची साधने काढून विमान अधिक सुरक्षित होते, हे वरिष्ठांना पटविणे सोपे नव्हते. सुकाणूच्या दोषाचा पाठपुरावाही त्यांनी चिकाटीने केला. स्क्वाड्रनच्या प्रमुखाने प्रत्येक मोहिमेवर जाणे अपेक्षित नसे. हे गृहस्थ मात्र नवख्या वैमानिकाशेजारी दुय्यम वैमानिक म्हणून बसत, तेही कठीण लक्ष्याच्या रात्री. जमिनीवर विमानांची देखभाल करणाऱ्या फिटर-मेकॅनिकांची नावे ते पाठ करीत आणि त्यांना नावाने हाक मारीत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही विचारावे, शॉप फ्लोअरवर साहेबाने नावाने हाक मारणे ही काय चीज असते!

वयाच्या २५ व्या वर्षी ते ग्रुप कॅप्टन झाले. ब्रिटिश हवाई दलात त्या हुद्द्यावर तेव्हा एवढे तरुण कोणी नव्हते. मार्स्टन मूर येथील तळाचे प्रमुखपद मिळाले, टेबल-खुर्ची मिळाली, आणि तेथेच त्यांचे मन रमेना. ६१७ व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करण्यासाठी त्यांनी आपण होऊन एक हुद्दा खाली येणे पत्करले आणि १९४३ च्या उत्तरार्धात ते पुन्हा विंग कमांडर झाले. मे १९४३ मध्ये ऱ्हूर खोऱ्यातील धरणे फोडणारी हीच ती प्रसिद्ध ‘डॅमबस्टर्स’ तुकडी.

या स्क्वाड्रनकडे ‘लँकेस्टर’ विमाने होती. चेशायर यांना छळणारा प्रश्न होता अचूकतेचा. उंचावरून टाकलेला बॉम्ब इच्छित जागी पडेल याची शाश्वती नव्हती. त्यांनी असा विचार मांडला की, एका विमानाने अगदी खाली जाऊन लक्ष्यावर आगलावे बॉम्ब टाकून खूण करावी आणि वरून येणाऱ्या विमानांनी त्या खुणेवर नेम धरावा. खूण करणाऱ्याचा जीव यात सरळसरळ टांगणीला लागणार होता. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री या पद्धतीची कसोटी लागली. फ्रान्समधील लिमोज शहरात ‘नोम-रोन’ कंपनीचा विमान-इंजिनांचा कारखाना होता. तो जर्मनांसाठी चालत होता. रात्रपाळीला तेथे शेकडो फ्रेंच कामगार असत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कारखान्याला लागूनच वस्ती होती. फ्रेंच नागरिक मरता कामा नयेत, या अटीवरच मोहिमेला परवानगी मिळाली होती. चेशायर यांनी आपले अजस्र लँकेस्टर दिवे लागलेल्या कारखान्याच्या छपरावरून, अगदी कमी उंचीवरून एकदा नेले. पुन्हा नेले. तिसऱ्यांदा नेले. बॉम्ब एकही टाकला नाही. आतील कामगारांना इशारा कळला आणि ते बाहेर धावले. चौथ्या फेरीत खुणेचे बॉम्ब पडले आणि मागून आलेल्या विमानांनी कारखाना उद्ध्वस्त केला. नंतर लिमोजच्या स्त्रियांनी या इशाऱ्याबद्दल आभार कळविल्याचे सांगितले जाते. कारखान्याला तोफांचे फारसे संरक्षण नव्हते म्हणूनच हे शक्य झाले. चेशायर यांना त्या रात्री ते आधी ठाऊक असण्याचे मात्र कारण नव्हते.

ही एकच कथा सांगून थांबणे सत्याला धरून होणार नाही. त्याआधीच्या तीन वर्षांत याच माणसाने कोलोन आणि बर्लिनसारख्या शहरांवर रात्री बॉम्ब टाकले होते. तेथे कोणी तीन फेऱ्या मारून इशारा देत नसे. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे धोरणच शहरे जाळण्याचे होते. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गला लागलेल्या आगीत सुमारे ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या बाजूला वैमानिकांची स्थितीही भयंकर होती. बॉम्बर कमांडमध्ये विमानांतून गेलेल्या सुमारे सव्वा लाख तरुणांपैकी ५५,५७३ जण परतले नाहीत. एका फेरीत ३० मोहिमा पूर्ण केल्या की विश्रांती मिळे. बहुतेकांची ती वेळ येतच नसे. चेशायर मोहिमांमागून मोहिमा करीत राहिले आणि जिवंत राहिले, यात कौशल्याइतकाच नशिबाचाही वाटा होता.

लँकेस्टर खाली नेण्यास फार अवजड पडते, म्हणून पुढे ते ‘मॉस्किटो’ या लाकडी बांधणीच्या चपळ विमानातून खुणा करू लागले. एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवर तोफांच्या भडिमारातून छपरांच्या उंचीवर ते उडाले. जून १९४४ मध्ये मित्रफौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होत्या. त्या रात्री ६१७ व्या स्क्वाड्रनने एकही बॉम्ब टाकला नाही. धातूच्या कागदी पट्ट्या ठरावीक अंतराने खाली सोडीत ही विमाने कित्येक तास घिरट्या घालीत राहिली आणि जर्मन रडारवर जणू एखादे आरमार दुसऱ्याच किनाऱ्याकडे संथपणे येत असल्याचा आभास निर्माण झाला. वैमानिकाच्या दृष्टीने ही मोहीम अतिशय कंटाळवाणी आणि तितकीच अवघड.

त्यानंतरचा प्रसंग तर त्यांच्या सहकाऱ्यांनाही वेडेपणाचा वाटला. त्यांना अमेरिकनांकडून एक ‘मस्टँग’ मिळाले, एकाच माणसाचे लढाऊ विमान. ते २५ जूनला पोहोचले. चेशायर यांनी ते पूर्वी कधीही चालविलेले नव्हते. सरावाला वेळच नव्हता. लँकेस्टर विमाने फ्रान्समधील सिराकूर येथील उडत्या बॉम्बच्या तळाकडे निघून गेली होती. हे त्यांच्यामागून निघाले, स्वतःच नेव्हिगेशन करीत वेळेवर लक्ष्यावर पोहोचले, खूण केली, आणि या विमानातील आपले पहिलेवहिले उतरणे त्यांनी रात्रीच्या अंधारात पार पाडले. ६ जुलै १९४४ रोजी मिमोयेक येथील भुयारी तळावर त्यांनी केलेला हल्ला ही त्यांची शंभरावी मोहीम होती. लंडनवर मारा करणाऱ्या लांब पल्ल्याच्या तोफा तेथे बसविल्या जात होत्या, हे नंतर उघड झाले. शंभरीनंतर वरिष्ठांनी त्यांना उड्डाणांतून काढले. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान सहसा एखाद्या क्षणीच्या पराक्रमासाठी दिला जातो. येथे तो चार वर्षांच्या सलग कामगिरीसाठी दिला गेला. त्यानंतर काही काळ त्यांची नेमणूक कलकत्त्याच्या मुख्यालयात होती. भारताशी त्यांचा पहिला संबंध तो.

९ ऑगस्ट १९४५ रोजी शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांच्यासह ते एका अमेरिकन ‘बी-२९’ विमानात होते. या विमानाची मुख्य विमानाशी ठरलेल्या ठिकाणी गाठ पडली नाही, त्यामुळे स्फोटाच्या क्षणी ते नागासाकीपासून बरेच दूर होते. चेशायर यांनी पाहिला तो वर चढत जाणारा ढग.

येथे आपल्याकडच्या वाचकाला सम्राट अशोक आठवल्यावाचून राहत नाही. कलिंगाचे युद्ध, पश्चात्ताप आणि मग सेवेचा मार्ग. चेशायर यांचे चरित्र अनेकांनी नेमके याच साच्यात बसविले आहे. खुद्द चेशायर यांनी मात्र तो साचा आयुष्यभर नाकारला. अणुबॉम्बमुळे युद्ध लवकर संपले आणि त्यामुळे अधिक जीव वाचले, हे आपले मत त्यांनी चाळीस वर्षांनंतरही, १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, ठामपणे मांडले. ते मत पटो वा न पटो, नागासाकीने त्यांना सेवेकडे वळविले असे म्हणणे त्यांच्या तोंडी न शोभणारे शब्द घालण्यासारखे आहे. त्यांना वळविले ते एका मरणासन्न माणसाने.

१९४६ साली हवाई दल सोडल्यावर त्यांनी माजी सैनिकांची एक सहकारी वसाहत काढून पाहिली. लोक आले, भांडले, पांगले. १९४७ पर्यंत प्रयोग फसला आणि हॅम्पशायरमधील ‘ले कोर्ट’ नावाचा मोठा रिकामा वाडा व कर्ज एवढेच हाती उरले. १९४८ मध्ये त्या वसाहतीत पूर्वी राहिलेले आर्थर डाइक्स कर्करोगाने रुग्णालयात असल्याचे कळले. रुग्णालय आता काही करू शकत नव्हते, खाट अडवून ठेवणे त्यांना परवडत नव्हते आणि डाइक्स यांना जवळचे कोणी नव्हते. जागा सापडेना, तेव्हा चेशायर त्यांना ले कोर्टला घेऊन आले. नर्सिंगचे कसलेही शिक्षण नसताना अंग पुसणे, अंथरूण बदलणे, भांडे उचलणे हे सारे त्यांनी स्वतः केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाइक्स यांचे निधन झाले. ते कॅथलिक होते. वर्षअखेरीस चेशायर यांनीही तो पंथ स्वीकारला.

डाइक्स जिवंत असतानाच दुसऱ्या रुग्णासाठी विचारणा आली होती. मग तिसऱ्या, चौथ्या. रुग्णालयाला ज्यांच्यासाठी करण्यासारखे काही उरले नाही आणि घरी ज्यांना सांभाळणे शक्य नाही, अशी माणसे किती आहेत याचा कोणी हिशेबच केला नव्हता. प्रेस मशिनवर हात गेलेल्या किंवा उंचावरून पडून मणका मोडलेल्या कामगाराच्या कुटुंबाला आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९५२ मध्ये चेशायर यांनाच क्षयरोगाने गाठले. दोन वर्षांहून अधिक काळ ते मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये होते आणि अनेक शस्त्रक्रिया झाल्या. खाटेवर पडल्या पडल्या पत्रे लिहून त्यांनी नवी घरे उभी करविली. बरे झाल्यावर ते भारतात आले. १९५६ साली अंधेरीला, महाकाली गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘बेथलेहेम हाऊस’ सुरू झाले. अंधेरी तेव्हा आजच्यासारखी गजबजलेली नव्हती. पाठोपाठ इतर शहरांतही घरे निघाली. स्थानिक नागरिकांची समिती, स्थानिक देणग्या आणि रुग्णालयापेक्षा घरासारखे वातावरण, ही त्यांची पद्धत. पुण्याचे घरही त्याच मालिकेतील. भारतात आज अशी वीसहून अधिक घरे आहेत.

५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये चेशायर आणि स्यू रायडर यांचा विवाह झाला. रायडर यांनी युद्धकाळात पोलंडमध्ये उतरविल्या जाणाऱ्या गुप्त हस्तकांबरोबर काम केले होते आणि पुढे नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी स्वतःची घरे काढली होती. दोघांनी मिळून डेहराडूनला ‘राफेल’ ही संस्था उभारली. कुष्ठरुग्ण, मतिमंद मुले आणि क्षयरोगी यांना तेथे आसरा मिळाला. आनंदवनाची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे काम किती खडतर असते ते नव्याने सांगायला नको.

या साऱ्या कौतुकात एक बाजू झाकली जाऊ नये. चेशायर यांच्या घरांवर सर्वांत कडक टीका झाली ती घरातूनच. ले कोर्टमध्ये राहणारे पॉल हंट आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकापासून व्यवस्थापनाशी भांडत होते. केव्हा झोपावे, केव्हा उठावे, हे दुसऱ्याने का ठरवावे, हा त्यांचा प्रश्न होता. अपंगांना वेगळ्या घरात ठेवणे हेच मुळात चुकीचे, त्यांना समाजात स्वतंत्रपणे राहता आले पाहिजे, या मतापर्यंत हंट पोहोचले आणि १९७२ साली ब्रिटनमधील अपंग-हक्क चळवळीच्या आरंभीच्या संघटनांपैकी एक त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. चेशायर यांच्या संस्थेला पुढे आपली दिशा बदलावी लागली आणि घरांच्या जोडीने स्वतंत्र जगण्यासाठी मदत देण्याकडे ती वळली. प्रस्तुत लेखकाला या प्रकरणात हंट यांची बाजू अधिक बळकट वाटते. मात्र ज्या घरात राहून त्यांनी हा लढा दिला, ते घर नसते तर १९४८ च्या त्या रुग्णालयाचा प्रश्न तसाच राहिला असता, हेही खरे.

१९८१ मध्ये चेशायर यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळाले आणि १९९१ मध्ये ते उमराव झाले. युद्धांत व आपत्तींत बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ मदतनिधी उभारण्याचा ध्यास त्यांनी उतारवयात घेतला. त्या निधीसाठी २१ जुलै १९९० रोजी बर्लिनमध्ये, नुकत्याच कोसळलेल्या भिंतीच्या जागी, रॉजर वॉटर्स यांचा प्रचंड रॉक कार्यक्रम झाला. ज्या शहरावर कधीकाळी बॉम्ब टाकले होते, त्याच शहरात ७२ वर्षांच्या चेशायर यांनी पहिल्या महायुद्धातील एक शिट्टी फुंकून त्या कार्यक्रमाचा आरंभ केला.

अखेरच्या काळात त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज हा स्नायू निकामी करीत जाणारा, औषध नसलेला विकार जडला. त्यांच्या घरांतील कित्येक रहिवाशांना जे आजार होते त्यांच्याच जातीचा हा आजार. चाकाची खुर्ची आली आणि रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याच्या हातांवर विसंबणे आले. तशाही अवस्थेत त्यांचे काम सुरू होते. ३१ जुलै १९९२ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, इंग्लंडमधील कॅव्हेंडिश गावी त्यांचे निधन झाले. तोवर सुमारे पन्नास देशांत त्यांच्या नावाची घरे सुरू झाली होती.